शिरूर व भीमथडी येथील कर्जरोख्यांचें दहन

पेशवाईअखेरपर्यंतचा कागद तेवढा ऐतिहासिक आणि त्यानंतरचा तो रद्दी, अशी एक समजूत आपल्या संग्राहकांमध्यें रूढ आहे. एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवरून रुमाल खालीं आले, कीं सनदा, महजर, निवाडपत्रें व वंशावळी काळजीपूर्वक वेगळ्या काढल्या जातात. आणि स्टांपाच्या कागदावरील कर्जरोखे, गहाणखतें, खतावण्या व रोजकीर्दी यांचा ढीग पुनः माळ्यावर तरी जातो, किंवा रद्दीवाल्याच्या तराजूंत तरी पडतो. ज्या ढिगाकडे आपण असे ढुंकूनहि पाहात नाहीं, त्याच जातीच्या कागदांसाठीं इ. स. १८७५ च्या उन्हाळ्यांत पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें धुंडाळलीं, रोखे बाहेर काढून चव्हाट्यावर जाळले, आणि त्यापायीं शेंकडों लोक तुरुंगांत गेले. जो कागद जाळण्यासाठीं माणूस तुरुंग पत्करतो, तो कागद इतिहासाच्या कक्षेबाहेरचा मानतां येत नाहीं.

या प्रकरणास सरकारी दप्तरांत 'दक्षिणेंतील दंगे' असें नांव पडलें व पुढील लेखकांनीं तेंच चालविलें. दंगा म्हटला म्हणजे लूट, मारहाण व बेबंदशाही यांचें चित्र उभें राहतें. आमच्या मतें येथें घडलें तें बऱ्याच अंशीं निराळें होतें. ऋणको व धनको यांच्यामध्यें स्मृतिकाळापासून जी एक मर्यादा या देशांत चालत आली होती, ती एका नव्या मुदतीच्या कायद्यामुळें शब्दांत कायम राहून व्यवहारांत नाहींशी झाली. पूर्वीं स्मरणासाठीं असलेला रोखा हातांतील शस्त्र बनला. आणि कुळांनीं नेमका त्या शस्त्रावरच हात टाकला. हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखांत प्रयत्न केला आहे.

प्रथम मुलुख ध्यानांत घेतला पाहिजे. शिरूर म्हणजेच घोडनदी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं येथें इंग्रजांची छावणी पडली. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवीं जी लढाई झाली तिच्यांतील इंग्रजी तुकडी येथूनच निघाली होती. (१८०९ सालीं येथें वारलेल्या कर्नल वालेस याच्या थडग्यास आसपासचे लोक पुढें सत्पुरुषाचें स्थान म्हणून भजूं लागले, हा चमत्कारिक प्रकार जातां जातां नमूद करण्यासारखा आहे.) छावणीबरोबर बाजारपेठ आली, आणि पेठेबरोबर मारवाडी व गुजर व्यापारी. दौंड, जुन्या कागदांतील धोंड, हें त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत मोडत असे. भीमथडी म्हणजे भीमेचा कांठ. येथील तट्टांनीं हें नांव मराठी फौजेबरोबर दूरवर नेलें. शहाजीराजांच्या जहागिरीचा म्हणून ज्या सुपें परगण्याची इतिहासवाचकांस ओळख आहे, तें सुपेंहि या भीमथडींतलेंच. आज दौंड व बारामती हे स्वतंत्र तालुके असून सुपें बारामती तालुक्यांत आहे. जुने अहवाल वाचतांना हा फेरबदल लक्षांत ठेविला नाहीं तर नकाशाचा घोंटाळा होतो. या सर्व टापूची प्रकृति एकच. मावळांत कोसळणारा पाऊस पुण्याच्या पूर्वेस झपाट्यानें ओसरत जातो. ज्वारी-बाजरीचें पीक एका वर्षीं येतें, दुसऱ्या वर्षीं जातें. आणि ज्या वर्षीं तें जातें त्या वर्षीं बियाण्यासाठीं, बैलासाठीं व साऱ्यासाठीं सावकाराच्या ओट्यावर गेल्यावांचून कुणब्याचें भागत नसे.

कर्ज ही कांहीं इंग्रजींत निर्माण झालेली वस्तु नव्हे. स्मृतिकारांनीं व्यवहारपदांत पहिलें स्थान ऋणादानास दिलें आहे, यावरूनच त्याची व्याप्ति कळते. मनूनें आठव्या अध्यायांत व्याजाचे दर सांगितले आहेत. ऐंशींस एक हा त्यांतला सौम्य दर आणि शेंकडा दोन हाहि दोषास्पद नाहीं. हे दर दरमहाचे आहेत, हें विसरतां कामा नये. आजच्या वाचकास ते थोडे वाटणार नाहींत. तेव्हां आपले पूर्वज अल्प व्याजाचे भोक्ते होते असें समजण्याचें कारण नाहीं. त्यांनीं जी मर्यादा घातली ती दरावर जितकी घातली, त्याहून अधिक कडक एकूण रकमेवर घातली. एकदम घ्यावयाचें व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे रक्कम नेणारें असूं नये, हा तो नियम. धान्यादि पदार्थांस अधिक सवलत होती; परंतु नाण्याच्या कर्जास दुप्पट ही शेवटची वेस. हीच आपल्या व्यवहारांतील दामदुप्पट.

याच स्मृतिग्रंथांत दुसरी एक तरतूद आहे, ती आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. कर्ज फेडण्यास असमर्थ असलेल्या ऋणकोस रोखा बदलून देतां येतो, असें मनु म्हणतो. झालेलें व्याज देऊन त्यानें नवें करण, म्हणजे नवा दस्तऐवज, करावा. तेंहि देणें शक्य नसेल तर व्याज नव्या करणांत घालावें. म्हणजे करणाचें परिवर्तन स्मृतिकारांस ठाऊक होतें. परंतु तेथें हा मार्ग ऋणकोच्या इच्छेनें उघडतो. तो त्याच्या सोयीसाठीं आहे. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत आणखी बारीक तपशील दिला आहे. ऋणकोनें जसजसा पैका द्यावा तसतसा तो रोख्याच्या पाठीवर लिहावा, नाहींतर धनकोनें आपल्या हातची पावती द्यावी. आणि कर्ज फिटतांच रोखा फाडून टाकावा, असें त्याचें सांगणें आहे. रोखा फाडण्याची ही चाल आपल्याकडे जुन्या संग्रहांतील फाडलेल्या व रद्द केलेल्या खतांवरून सर्वांच्या परिचयाची आहे.

मराठी राज्यांत सावकारी होतीच, आणि ती कोमलहि नव्हती. सरकारास रसद भरणारा सावकार मनोती कापून घेई. गांवचा सावकार वाढीदिढीनें दाणे देई. दारांत धरणें धरून बसे, तगादा लावी. पण त्याच्या मागें सरकारचा हात बहुधा नसे. तंटा पंचायतींत गेला तर पंच हप्ते बांधून देत, कांहीं सूट पाडीत, आणि कुळ जगेल असा निवाडा करण्याकडे त्यांचा कल असे. कारण पंच, कुळ आणि सावकार यांस त्याच पांढरींत पुढेंहि राहावयाचें असे. मिराशीची जमीन कर्जापायीं परक्याच्या नांवें चढविणें ही सहज गोष्ट नव्हती. सावकाराचें हित कुळ बुडविण्यांत नसून तें पिढ्यान् पिढ्या चालू ठेवण्यांत होतें.

इंग्रजी अमलांत ही मांडणी हळूहळू पालटली. १८२७ च्या पांचव्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत व्याजाची मर्यादा दरसाल शेंकडा बारा ठरली होती. १८५५ च्या अठ्ठाविसाव्या कायद्यानें व्याजावरील अशी बंधनें उठविण्यांत आलीं. इंदापुरास १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांची मोजणी लागू झाली, ती पुढें सर्वत्र पसरली, आणि शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क विकतां व गहाण टाकतां येण्यासारखा झाला. सावकाराच्या दृष्टीनें कुळाची पत एकाएकीं वाढली. पुढें १८५९ सालीं एकापाठोपाठ दोन कायदे आले. आठव्या कायद्यानें दिवाणी कामाची रीति ठरली व हुकूमनाम्याची बजावणी जप्ती, लिलाव आणि कैद या मार्गांनीं निश्चित झाली. चौदाव्या कायद्यानें फिर्यादीच्या मुदती ठरल्या. नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यास मुदत तीन वर्षांची.

हा मुदतीचा कायदा करणारांचा हेतु वाईट नव्हता. जुने, शिळे दावे उकरून काढून कुळास छळूं नये, हाच त्यांचा उद्देश होता. परिणाम उलटा झाला. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकारास दोनच मार्ग उरले. फिर्याद करणें, किंवा नवा रोखा लिहून घेणें. कुळास फिर्याद नको असे, म्हणून तें नवा रोखा लिहून देई. स्मृतींत ऋणकोच्या इच्छेनें होणारें करणपरिवर्तन आतां दर तीन वर्षांनीं धनकोच्या गरजेनें होऊं लागलें.

याचा हिशेब मांडून पाहिल्यावांचून त्याची कल्पना येणार नाहीं. शंभर रुपये दरमहा शेंकडा दोन या दरानें घेतले. हा दर, वर म्हटल्याप्रमाणें, मनूसहि मान्य आहे. तीन वर्षांत ७२ रुपये व्याज झालें व नवा रोखा १७२ चा झाला. सहा वर्षांनीं तो सुमारें २९६ चा, नऊ वर्षांनीं ५०९ चा आणि बारा वर्षांनीं ८७५ चा होतो. या बारा वर्षांत कुळानें एक कवडीहि नव्यानें घेतलेली नाहीं. एकच रोखा बारा वर्षें चालला असता तर दामदुपटीच्या नियमानें तो २०० पलीकडे जाऊं शकला नसता. न्यायालयांनीं दामदुपटीचा नियम मोडला होता असेंहि नाहीं. मुंबई इलाख्यांत तो हिंदु ऋणकोंच्या बाबतींत मानला जात होता. परंतु नव्या रोख्यांत शिरलेलें व्याज हें मुद्दल समजलें जाई, आणि दुपटीची मोजणी तेथून नव्यानें सुरू होई. पुस्तकांत नियम जिवंत, रोख्यांत मेलेला. शिवाय रोखा लिहिणारा सावकाराचा, साक्षीदार सावकाराचे, आणि निशाणी करणारा निरक्षर; मधल्या काळांत भरलेले दाणे व रुपये रोख्याच्या पाठीवर चढले किंवा नाहीं, हें वाचून पाहण्याची त्यास सोय नव्हती. कोर्टांत रोख्यावरील नांगराची निशाणी दाखविली म्हणजे पुरावा संपला.

या यंत्रास जोराची गति मिळाली ती १८६० च्या दशकांत. पुण्याहून दिकसाळपर्यंत आगगाडी १८५८ च्या अखेरीस आली, १८६० त ती सोलापुरास पोंचली, आणि १८६३ त बोरघाट खुला होऊन मुंबईशीं अखंड रस्ता झाला. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, त्याबरोबर सर्वच मालाचे चढले. सडका व लोहमार्ग यांच्या कामांवर मजुरी वाढली. कुळाजवळ पैसा दिसूं लागला, म्हणून सावकारानें हात सैल सोडला. यादवी संपतांच भाव उतरले. रोख्यांवरील आंकडे मात्र उतरले नाहींत. याच सुमारास तीस वर्षांची जुनी जमाबंदी संपून फेरपाहणी सुरू झाली. १८६७ च्या सुमारास इंदापुरापासून निघून ती भीमथडी व शिरुराच्या बाजूस आली, आणि महागाईच्या वर्षांवर नजर ठेवून सारा बराच वाढविण्यांत आला. पुणें सार्वजनिक सभेनें त्या वेळीं खेड्यांतून चौकशी करून याबद्दल ओरड केली. १८७४ च्या आक्टोबरांत सरकारनें वाढीस मर्यादा घातली, तालुक्यास शेंकडा ३३, एका गांवास ६६ आणि एका खातेदारास १००, ही गोष्ट खरी. परंतु ज्या मर्यादेंत एका शेतकऱ्याचा सारा दुप्पट होऊं शकतो ती मर्यादा कुणब्यास दिलासा म्हणून कितपत वाटली असेल, याचा वाचकांनींच विचार करावा. पुढें १८७५ च्या फेब्रुवारींत हुकूम निघाला कीं साऱ्याच्या बाकीसाठीं प्रथम जंगम मालमत्ता विकावी, जमिनीस एकदम हात घालूं नये. हाहि हेतु चांगलाच. पण जमीन जाईल या भीतीनें जे सावकार आजवर कुळाचा सारा भरीत असत, त्यांनीं आतां हात आखडला. ऐन हप्त्याच्या वेळीं कुणबी उघडा पडला.

पहिली ठिणगी शिरूर तालुक्यांत करडे या गांवीं पडली. तेथील बाबासाहेब देशमुख हा कुलीन पण कर्जबाजारी गृहस्थ. काळूराम या सावकारानें त्याच्यावर हुकूमनामा मिळवून त्याचें घर लिलावांत अवघ्या १५० रुपयांस घेतलें, आणि तें पाडावयास लागला. देशमुखाचें राहतें घर पाडतात, ही गोष्ट साऱ्या गांवास लागली. १८७४ च्या डिसेंबरांत गांवानें एकी करून सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांचीं शेतें कोणी करावयाचीं नाहींत, त्यांच्या दुकानीं कोणी जावयाचें नाहीं, न्हाव्यानें हजामत करावयाची नाहीं, पाणी भरणारानें पाणी भरावयाचें नाहीं. शेवटीं सावकार शिरुरास निघाले, तेव्हां सामान वाहण्यास गाडीहि मिळेना. येथें मारहाण नाहीं, जाळपोळ नाहीं. हें जुनें गांवकीचेंच शस्त्र, जें एरवीं जातिबाह्य वर्तनासाठीं बाहेर पडत असे. पुढें इंदापूर तालुक्यांतील कळस येथें अशाच मजकुराचें संमतिपत्र लिहून त्यावर गांवानें निशाण्या केल्या. जो गुजराची जमीन करील किंवा जो बलुतेदार त्याची चाकरी करील त्यास दंड, असा त्याचा आशय होता. आमच्या मतें हें पत्र मराठी दस्तऐवजांच्या कोणत्याहि संग्रहांत महजराच्या शेजारीं ठेवण्याच्या योग्यतेचें आहे.

बुधवार, १२ मे १८७५ रोजीं सुप्याचा बाजार होता. आसपासच्या गांवांचे लोक जमले होते. त्यांनीं सावकारांचीं घरें व दुकानें गांठून रोखे व वह्या मागितल्या, ज्यांनीं दिल्या नाहींत त्यांच्याकडून हिसकून घेतल्या, आणि त्यांची होळी केली. धान्य-कापडाची लूटहि झाली, ती झांकण्याचें कारण नाहीं. चौवीस तासांच्या आंत चौदा मैलांवरील एका गांवीं पुढारी सावकाराच्या गंजी पेटल्या. तेथून हें लोण भीमथडी, इंदापूर, पुरंदर, हवेली, शिरूर असें पसरलें, आणि नगर जिल्ह्यांत पारनेर, श्रीगोंदें, कर्जत इकडे गेलें. लष्कर आल्यावर जूनच्या मध्यापर्यंत बहुतेक शांतता झाली. तुरळक प्रकार मागून होत राहिले, त्यांत सप्टेंबरांतील कुकरूडचा प्रकार तर दूर सातारा जिल्ह्यांत झाला. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ लोक पकडले गेले व ५०१ जणांस शिक्षा झाल्या. त्यांपैकीं पुणें जिल्ह्यांतील पकडलेले ५५९ व शिक्षा झालेले ३०१.

एवढ्या मोठ्या टापूंत एवढ्या गांवांनीं उठाव केला असतां माणसांस इजा फार थोडी झाली. शिरूर तालुक्यांत, अहवालांत दामारे अशा उच्चारानें आलेल्या गांवीं (हें आमच्या मतें धामारी), एका सावकाराचा पाय मोडला व त्यास जळत्या घरांतून बाहेर काढावें लागलें; असे प्रकार अपवादात्मक. सावकारानें निमूटपणें रोखे काढून दिले कीं लोक बहुधा पुढें हात उगारीत नसत, ही गोष्ट सरकारी कमिशनानेंच नमूद केली आहे. ब्राह्मण सावकारांच्या वाटेस सहसा कोणी गेलें नाहीं. यावरून ते दयाळू होते असा निष्कर्ष काढण्यापेक्षां, ते गांवचे होते व हुकूमनाम्याच्या टोंकापर्यंत क्वचित जात, असें म्हणणें अधिक योग्य होईल. नव्यानें आलेल्या व्यापाऱ्यास गांवकीची भीड नव्हती. त्याचा विश्वास एका कागदावर होता. लोकांनीं तो कागद ओळखला. याज्ञवल्क्यानें कर्ज फिटल्यावर रोखा फाडावयास सांगितलें. या लोकांच्या मतें तें कितीदां तरी फिटून गेलें होतें. सावकाराची बाजूहि सांगितली पाहिजे. त्याचें बरेंच येणें बुडीत होतें, त्यालाहि मोठ्या पेढीचें देणें होतें, आणि कुणब्याचा सारा वर्षानुवर्षें त्यानेंच भरला होता. कायद्यानें जें शस्त्र त्याच्या हातीं दिलें तें त्यानें वापरलें, इतकेंच.

चौकशीसाठीं कमिशन बसलें. शेंकडा तेहतीस, म्हणजे सुमारें एक-तृतीयांश, खातेदार कर्जांत अडकलेले. कर्जाची सरासरी त्यांच्या साऱ्याच्या अठरापट. आणि त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश जमिनीच्या गहाणावर, असे आंकडे त्यांच्यापुढें आले. बहुतेक सभासदांचा रोख सावकारी व दिवाणी कायदा यांवर होता. वायव्य प्रांतांतून आणलेले ऑक्लंड कॉल्विन यांनीं मात्र वेगळें टिपण लिहून वाढलेल्या साऱ्याकडे बोट दाखविलें. आम्हांस कॉल्विन यांचें म्हणणें खोडतां येत नाहीं. परंतु सारा कडाडला तरी तो रोख्यांतूनच कुणब्याच्या अंगावर आला, हेंहि विसरतां येत नाहीं.

मध्यंतरीं १८७६–७८ चा दुष्काळ येऊन गेला, आणि १८७९ च्या फेब्रुवारींत वासुदेव बळवंत फडके यांनीं रामोशांच्या साह्यानें पहिला दरोडा घातला तो शिरूर तालुक्यांतील याच धामारीवर. चार वर्षांपूर्वीं सावकाराचें घर ज्या गांवीं जळलें तेथेंच त्यांची पावलें वळावीं, हा निव्वळ योगायोग आम्हांस वाटत नाहीं. त्याच वर्षीं सतरावा कायदा झाला. तो पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चारच जिल्ह्यांस, शेतकऱ्यांच्या मदतीसाठीं, १ नोव्हेंबर १८७९ पासून लागू झाला. रोखा काय म्हणतो तेवढ्यावर न थांबतां न्यायाधीशानें व्यवहाराच्या मुळापर्यंत जावें, मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा, कर्जासाठीं कैद नाहीं, खास गहाण टाकलेली नसेल ती जमीन लिलावांत निघावयाची नाहीं, दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारासमोर व्हावे, सावकारानें पावती द्यावी, मुदती वाढवाव्या. संस्कृत जाणणाऱ्या वाचकास यांत नवें थोडेंच आढळेल. पावतीचें कलम याज्ञवल्क्याचें, आणि मुद्दल-व्याजाची फारकत हा दामदुपटीचाच आत्मा. या कायद्याच्या अंमलबजावणींत १८८१ पासून महादेव गोविंद रानडे यांनीं न्यायाधीश म्हणून पुष्कळ वर्षें काम केलें.

कायद्यानें रोख्याची धार बोथट केली, पण स्वस्त भांडवल कांहीं आणून दिलें नाहीं. विल्यम वेडरबर्न यांनीं पुरंदर तालुक्यांत शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली, रानडे यांचा तीस पाठिंबा होता. विलायतेंतून तिला नकार आला. सहकारी पतपेढ्यांचा कायदा व्हावयास १९०४ साल उजाडलें. तोंपर्यंत सावकारानें वाट काढली. गहाणखताऐवजीं तो खरेदीखतच लिहून घेऊं लागला, आणि पैसे फेडल्यास जमीन परत देण्याचें वचन तोंडीं राहूं लागलें. अशा खरेदीच्या पोटांत गहाण आहे हें तोंडी पुराव्यानें दाखविण्याची मुभा १९०७ च्या दुरुस्तीनें दिली. म्हणून १८८० ते १९०७ या काळांतील शिरूर-दौंडकडील खरेदीखत हातीं आलें, तर तें खरेदीचेंच आहे असें संग्राहकानें गृहीत धरूं नये.

हाच प्रश्न समुद्रापलीकडे पूर्व आफ्रिकेंत कसा उभा राहिला, हें येथें थोडक्यांत सांगण्यासारखें आहे. झांझिबार बेटांवरील लवंगेच्या बागा अरब व स्वाहिली मालकांच्या, आणि त्यांवरील कर्ज मुख्यतः कच्छ-गुजराथकडून गेलेल्या हिंदी व्यापाऱ्यांचें. लवंगेचे भाव पडले तेव्हां कर्जें थकलीं. १९३४ सालीं तेथील सरकारनें कर्जवसुली थांबविणारे व जमीन हस्तांतरास आळा घालणारे कायदे केले. त्या कायद्यांची जात आपल्या १८७९ च्या व पंजाबांतील १९०० च्या जमीन-कायद्याचीच होती. परंतु तेथें सावकार हिंदी, म्हणून इकडील लोकमत सावकाराच्या बाजूनें उभें राहिलें. के. पी. एस. मेनन यांस हिंदुस्थान सरकारनें चौकशीस पाठविलें, त्यांचा अहवाल कायद्यांविरुद्ध गेला. आणि लवंगेचा व्यापार तेथील उत्पादकसंघाच्या हातीं देण्यांत आला तेव्हां १९३७–३८ त हिंदुस्थानांत झांझिबारी लवंगेवर बहिष्कार पडून १९३८ सालीं तडजोड झाली. व्यापारहक्काचा प्रश्न त्यांत गुंतलेला होता, हें मान्य करूनहि आम्हांस येथें करड्याच्या बहिष्काराची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. बहिष्काराचें हत्यार तेंच, धरणारा हात मात्र या वेळीं धनकोचा. झांझिबार १९६४ सालीं टांगानिकाशीं एक होऊन टांझानिया बनला.

मूळ मुलुखाकडे वळावयाचें तर, दौंडहून मनमाडकडे आगगाडी १८७८ त गेली. खडकवासल्याच्या मुठा कालव्याचें पाणी भीमथडींत आलें. आज शिरूर व दौंड या तालुक्यांत ऊंस, साखर-कारखाने व उद्योगवसाहती आहेत. जाळलेले रोखे परत येण्याची आशा नाहीं. गांवचे रजिस्ट्रार १८७९ नंतरचे. त्याआधीचा नोंदणी न झालेला व्यवहार जर कोठें उरला असेल तर तो आगीबाहेर राहिलेल्या खासगी रुमालांतच. सबब या दोन तालुक्यांतील १८५९ ते १८७५ या काळचा रोखा ज्यांच्या दृष्टीस पडेल त्यांनीं तो उलटून पाहावा. पुढील बाजूस रक्कम, व्याज, निशाणी व साक्षी असतात, त्यांत नवल नाहीं. मागील बाजू पाहावी. भरणा तेथें चढलेला आहे किंवा ती कोरी आहे. एकाच कुळाचे तीन-तीन वर्षांच्या अंतरानें झालेले रोखे एकत्र सांपडतात काय. मागील रोख्याचा आंकडा व्याजासह पुढील रोख्यांत मुद्दल म्हणून आला आहे काय. आणि जुना रोखा फाडलेला आहे कीं तसाच अखंड ठेवलेला आहे, हें टिपून घ्यावें. असे तीन-चार रोखे जरी एका कुळाचे ओळीनें मिळाले, तरी वर आम्हीं मांडलेला शंभर रुपयांचा हिशेब प्रत्यक्ष कागदांवरून पडताळून पाहतां येईल.